चार किल्ल्यांची चोरी आणि कादंबरीतून गायब झालेली बाई

मायकेल क्रायटन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना डायनोसॉर आठवतात. त्या डायनोसॉरांच्या पंधरा वर्षं आधी, १९७५ साली, याच माणसाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका रेल्वेचोरीवर कादंबरी लिहिली होती : 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'. नावावरून हमखास घोटाळा होतो. १९६३ साली इंग्लंडमध्ये टपालगाडी थांबवून लाखो पौंडांच्या नोटा पळवल्या गेल्या, ती वेगळी चोरी. क्रायटनची कादंबरी १८५५ सालची आहे. तिच्यात गाडी कोणी थांबवत नाही, बंदूक रोखत नाही. गाडी वेळेवर सुटते, वेळेवर पोचते, आणि मधल्या दोन-तीन तासांत तिजोरीतल्या सोन्याचं शिसं झालेलं असतं.

ही चोरी खरोखर घडलेली आहे, आणि कादंबरी एखाद्या अहवालाच्या थाटात लिहिलेली आहे. तारखा, कोर्टातले जबाब, मध्येच त्या काळच्या लंडनवर दोन-तीन पानांची टिपणं. त्यामुळे वाचणारा सगळंच खरं धरून चालतो. तसं ते नाही. क्रायटनने नावं फिरवली, अडथळे वाढवले, माणसं बदलली. कुठे काय बदललं हे पाहिलं की चोरी कशी झाली हे तर कळतंच, शिवाय अशा कादंबऱ्या कशा रचल्या जातात तेही कळतं.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ. लंडनचे सोन्याचे व्यापारी पॅरिसला सोनं पाठवत. लाकडी पेट्या, वरून लोखंडी पट्ट्या आवळलेल्या, त्यावर लाखेचे शिक्के. साउथ ईस्टर्न रेल्वे कंपनी या पेट्या पोलादी तिजोरीत ठेवून लंडन ब्रिज स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने फोकस्टन बंदरावर नेई. तिथून बोटीने इंग्लिश खाडी पार करून फ्रान्समधलं बुलोन, आणि पुढे परत रेल्वेने पॅरिस. तिजोरी गार्डाच्या डब्यात असे. तिला चब कंपनीची दोन कुलपं, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये मात्र रेल्वे एव्हाना देशाच्या प्रगतीचं प्रतीक होऊन बसली होती, आणि धावत्या गाडीत चोरी होऊ शकते ही कल्पनाच लोकांच्या गळी उतरत नव्हती.

तिजोरी फोडता का येत नव्हती? चबचं कुलूप त्या काळात फार नावाजलेलं होतं. १८१८ साली पेटंट घेतलेल्या या कुलपाच्या पोटात एकावर एक पात्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक पाती नेमकी हवी तितकीच उचलते. चोराने तारेने चाचपडताना एखादी पाती जरा जास्त उचलली, की ती अडकून बसते आणि कुलूप जाम होतं. नंतर मालक खरी किल्ली घालतो तेव्हा ती सरळ फिरत नाही, आणि कोणीतरी हात घातला होता हे त्याला तिथल्या तिथे समजतं. म्हणजे कुलूप चोराला अडवतं आणि वर त्याची चहाडीही करतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने हे कुलूप साधारण पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं आणि इंग्रजांची झोप उडवली, हे खरं. पण तो जगातल्या सर्वोत्तम कुलूपतज्ज्ञांपैकी एक होता, आणि निवांत उभा राहून काम करत होता. हलत्या डब्यात, कंदिलाच्या उजेडात, दोन-दोन कुलपांशी तसा खेळ करणं अशक्यच. राहिला एकच मार्ग : किल्ल्यांच्या नकला.

इथे कादंबरी आणि इतिहास यांच्या वाटा फुटतात.

क्रायटनने किल्ल्या चार केल्या. दोन रेल्वेच्या कचेरीत, एक बँकेच्या प्रमुखाच्या घरात, एक दुसऱ्या अधिकाऱ्याच्या गळ्यात. त्याचा नायक एडवर्ड पिअर्स हा उंची कपडे घालणारा, क्लबांत वावरणारा गृहस्थ आहे. त्याचा खरा धंदा कुणालाच ठाऊक नाही. एकेका किल्लीसाठी तो एकेका मोठ्या माणसाची दुखरी नस शोधतो. एकाला पैज लावायचा नाद आहे आणि घरात लग्नाची मुलगी आहे. दुसऱ्याला चारचौघांत बोलता येणार नाही असा आजार आहे, आणि त्यावरच्या एका किळसवाण्या अंधश्रद्धेवर त्याचा विश्वास आहे. तिसऱ्या टप्प्यासाठी तुरुंगातून एक किडकिडीत चोर बाहेर काढावा लागतो, कारण स्टेशनच्या छतातून त्याच्यासारखाच माणूस उतरू शकतो. पहारेकरी जागेवरून हलतो ते जेमतेम मिनिटभर, आणि तेवढ्यात मेणावर ठसे घ्यायचे.

अशा कादंबरीचं यंत्र हेच आहे. 'सोनं चोरायचं' हा एकच प्रश्न वाचकाला तीनशे पानं धरून ठेवू शकत नाही. म्हणून लेखक त्याचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याला स्वतःची जागा, स्वतःचा माणूस, स्वतःची मुदत. एक सुटला की दुसरा समोर, आणि दुसरा सोडवताना पहिल्याचा काहीतरी गुंता मागे राहिलेला. चौथी किल्ली हाती येईपर्यंत आपण सोनं विसरून किल्ल्यांच्याच मागे लागलेले असतो. क्रायटन यात फार वाकबगार आहे. एक अडचण सुटल्यावर तो वाचकाला पूर्ण श्वास कधीच घेऊ देत नाही.

खऱ्या चोरीत किल्ल्या दोनच होत्या आणि त्यांच्यासाठी कोणाच्या मुलीशी प्रेमाचं नाटक करावं लागलं नाही. माणसं चार. विल्यम पिअर्स हा रेल्वेच्या तिकीटछपाई विभागातून काढून टाकलेला, जुगाराचं व्यसन असलेला माणूस. एडवर्ड अगार हा कसलेला चोर, काही वर्षं ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत काढून परतलेला. जेम्स बर्जेस रेल्वेत गार्ड, आणि विल्यम टेस्टर रेल्वेच्याच कचेरीत कारकून. कल्पना पिअर्सची, हात अगारचे. आणि अगारने आधीच सांगून ठेवलं होतं की किल्ल्यांचे ठसे मिळाले तरच बोलायचं, नाहीतर नाही.

मग झालं ते फारच कचेरीछाप आहे. १८५४ मध्ये तिजोऱ्यांची कुलपं दुरुस्तीसाठी चबकडे गेली. त्यासंबंधीची कागदपत्रं ज्या कचेरीतून जात, तिथेच टेस्टर बसत असे. त्याने किल्ल्या थोड्या वेळापुरत्या बाहेर आणल्या, अगारने मेणावर ठसे घेतले. नंतर पाहिलं तर ठसे एकाच कुलपाच्या किल्लीचे! घाबरलेल्या टेस्टरने एकाच किल्लीच्या दोन प्रती उचलून आणल्या होत्या.

दुसरी किल्ली फोकस्टनच्या बंदरावरच्या कचेरीत होती. नेमकी कुठे, हे कळायला अगारने जी युक्ती केली ती मला अख्ख्या प्रकरणात सगळ्यात आवडते. त्याने खोट्या नावाने स्वतःलाच दोनशे पौंडांच्या सोन्याच्या नाण्यांची पेटी पाठवली, तीही त्याच रेल्वेने, त्याच तिजोरीतून. मग सभ्य गिऱ्हाईक म्हणून फोकस्टनला ती सोडवायला गेला, आणि कारकून किल्ली कुठल्या कपाटातून काढतो ते काउंटरच्या अलीकडे उभं राहून बघून घेतलं. रेल्वेनेच, आपलं भाडं घेऊन, त्याला किल्लीची जागा दाखवली. पुढे एकदा बोट धक्क्याला लागली, कचेरीतली माणसं तिकडे धावली, खोली रिकामी पडली. पिअर्स आत गेला, किल्ली अगारच्या हातात दिली, ठसा घेतला, किल्ली परत कपाटात. पहारा, छत, दोरखंड, काही नाही. बोट आली की सगळे बाहेर जातात, एवढी एक सवय पुरली.

ठसा मिळाला म्हणजे किल्ली तयार झाली असं नाही. मेणात किल्लीचा आकार उमटतो, पण केसभर फरक राहतोच, आणि पात्यांच्या कुलपाला केसभर फरकही चालत नाही. कोरी किल्ली कानशीने घासत घासत त्या मापाला आणावी लागते, आणि माप बरोबर आहे की नाही हे सांगणार फक्त खरं कुलूप. तेव्हा बर्जेसची पाळी असेल त्या दिवशी अगार गार्डाच्या डब्यात बसून प्रवास करायचा, किल्ली घालून बघायची, परत येऊन थोडी घासायची, पुन्हा जायचं. अशा अनेक खेपांनंतर किल्ल्या लोण्यासारख्या फिरू लागल्या. कादंबरीत या कंटाळवाण्या कामाला फारशी जागा नाही. साहजिक आहे, कानस घासणारा माणूस किती पानं बघणार? पण खऱ्या चोरीचा कणा हाच होता.

आता वजनाचं गणित. पेट्या लंडनला वजन करून निघत आणि बुलोनला पुन्हा काट्यावर चढत. सोनं नुसतं काढून घेतलं असतं तर रिकामी पेटी उचलणाऱ्या हमालालाच कळलं असतं. म्हणून तितक्याच वजनाचं दुसरं काहीतरी आत घालायला हवं. त्यासाठी निवडले शिशाचे छर्रे. शिसं स्वस्त, जड, बंदुकीसाठी खुलेआम विकलं जाणारं, घेणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. तरी ते सोन्याइतकं जड नाहीच. एक घन सेंटिमीटर सोनं साधारण १९ ग्रॅम भरतं, तेवढंच शिसं ११ ग्रॅमच्या आसपास. त्यात छर्रे गोल, म्हणजे मध्ये फटी आल्या. तेव्हा सोन्याचं वजन छर्ऱ्यांनी भरून काढायचं तर दुपटीहून जास्त जागा लागते. प्रत्येक पेटीत नेमकी किती मोकळी जागा असेल, हे ती उघडेपर्यंत कळायला मार्ग नव्हता.

सोनं रोज जात नसे आणि कधी जाईल ते आधी जाहीरही होत नसे. यावर टेस्टर कामी आला. गार्डांच्या पाळ्यांचा तक्ता त्याच्या कचेरीत बने, आणि त्याने बर्जेसला रात्रीच्या गाडीवर लावून ठेवलं. सोनं चढलं की बर्जेसने स्टेशनबाहेर येऊन रुमालाने तोंड पुसायचं, ही खूण. १५ मे १८५५ च्या संध्याकाळी त्याने तोंड पुसलं. छर्ऱ्यांनी भरलेल्या पिशव्या गार्डाच्या डब्यात चढल्या, त्यांच्यामागून अगार. गाडी हलताच त्याने तिजोरी उघडली, पेटीच्या लोखंडी पट्ट्या पाचरीने उचकटल्या, सोन्याच्या लगडी काढल्या, छर्रे भरले, पट्ट्या ठोकून बसवल्या आणि मेणबत्तीवर लाख वितळवून नवे शिक्के उठवले. जवळून नीट पाहिलं तर लक्षात येईल, पण पेट्या उचलणारा बघेल तेवढ्या नजरेला पुरेल, इतपत. वाटेतल्या रेडहिल स्टेशनवर टेस्टरने एक पिशवी उचलली आणि तो लंडनला परतला, म्हणजे त्या रात्री तो शहरात दिसला असं सांगायला लोक तयार. तिथेच पिअर्स डब्यात आला. फोकस्टनला तिजोरी नेहमीप्रमाणे उतरवली गेली. अगार आणि पिअर्स त्याच गाडीने पुढे डोव्हरला गेले, जेवले, आणि पहाटेच्या गाडीने सोन्यासकट लंडनला परत आले. एकूण सोनं १०० किलोच्या वर, किंमत त्या वेळचे १२,००० पौंड.

बुलोनला वजन झालं तेव्हा एक पेटी सुमारे १८ किलोंनी हलकी निघाली, बाकीच्या दोन किंचित जड. तरी शिक्के जागेवर होते, म्हणून पेट्या पॅरिसला गेल्याच! उघडल्यावर छर्रे. मग जे व्हायचं तेच झालं. इंग्रज म्हणाले फ्रान्समध्ये चोरी झाली, फ्रेंच म्हणाले इंग्लंडमध्ये. खरं तर उत्तर काट्यानेच दिलं होतं. बुलोनचं वजन आणि पॅरिसचं वजन जुळत होतं, लंडनचं जुळत नव्हतं, म्हणजे बदलाबदल बुलोनच्या आधीच झालेली. तरीही रेल्वे कंपनी आपल्या गाडीत असं घडलं हे मान्य करायला तयार नव्हती. चोरांना सगळ्यात मोठी मदत या अहंकाराने केली. तपास महिनोन्महिने अंधारात चाचपडत राहिला.

क्रायटनने यावर काय काय चढवलं ते आता नीट दिसतं. त्याच्या कादंबरीत सोनं आहे क्रायमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या पगाराचं. प्रत्यक्षात ते खासगी व्यापाऱ्यांचं होतं आणि त्याचा युद्धाशी संबंध नव्हता. पण व्यापाऱ्याचं सोनं गेलं तर वाचकाला काय त्याचं? सैनिकांचा पगार म्हटला की देशाची अब्रू पणाला लागते. ऐन वेळी कादंबरीतली रेल्वे नियम कडक करते, डब्याला बाहेरून कुलूप घालते. मग कादंबरीतल्या अगारला प्रेत म्हणून शवपेटीत घालून आत न्यावं लागतं, आणि पिअर्सला धावत्या गाडीच्या टपावरून सरपटत जाऊन ते कुलूप काढावं लागतं. हा टपावरचा प्रसंग निखळ कल्पना आहे आणि अप्रतिम आहे. पुढे क्रायटननेच यावर सिनेमा केला, त्यात शॉन कॉनरी स्वतः खऱ्या गाडीच्या टपावर चढला होता. प्रत्यक्षातले चोर मात्र गार्डाच्या परवानगीने दारातून आत गेले.

कादंबरीचा वैचारिक डाव मात्र पक्का आहे. शिक्षण, उद्योग आणि समृद्धी वाढली की गुन्हे आपोआप कमी होतील, चोरी भुकेकंगाल आणि मूर्ख माणसं करतात, असा त्या काळच्या सुखवस्तू इंग्रजांचा भाबडा विश्वास होता. पिअर्स सुखवस्तू आहे, हुशार आहे, आणि तरी चोर आहे. कोर्टात त्याला कारण विचारतात तेव्हा तो सरळ सांगतो की पैसे हवे होते. कोर्ट अवाक होतं. याच भागात क्रायटन १८५७ च्या उठावाकडे, कानपूर आणि नानासाहेब पेशव्यांकडेही वळतो. मराठी वाचक तिथे थबकणारच. ती पानं इंग्रजांच्या नजरेतून लिहिलेली आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचावीत. शिवाय खरा खटला जानेवारी १८५७ मध्येच उरकला होता, मेरठमध्ये काही घडण्याच्या चार महिने आधी.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. कादंबरीत बिंग फुटतं ते एका दारू प्यालेल्या माणसाला लुटताना पकडल्या गेलेल्या बाईमुळे. स्वतःची सुटका व्हावी म्हणून ती माहिती विकते. प्रत्यक्षातली बाई अशी नव्हती. फॅनी के ही पूर्वी टनब्रिज स्टेशनच्या उपाहारगृहात काम करायची. अगारची जोडीदार, त्याच्या मुलाची आई. चोरीनंतर काही महिन्यांतच अगार एका बनावट चेकच्या प्रकरणात पकडला गेला आणि त्याला जन्मभराच्या हद्दपारीची शिक्षा झाली. सोन्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. उलट आपल्या जवळचे पैसे त्याने पिअर्सच्या हवाली केले, फॅनी आणि लेकराचं बघ म्हणून. पिअर्सने थोडे दिवस दिले, मग हात आखडला. फॅनीची उपासमार होऊ लागली तेव्हा ती न्यूगेट तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे गेली आणि तिला माहीत होतं ते सगळं सांगून मोकळी झाली. हे कळल्यावर अगारने माफीचा साक्षीदार व्हायचं ठरवलं. शेफर्ड्स बुशच्या ज्या घरात मुशीत सोनं वितळवलं होतं, तिथल्या जमिनीच्या फळ्या अजून जळक्या होत्या.

दीड वर्ष पोलिसांच्या हाती काही लागलं नाही, आणि शेवटी चोर सापडले ते पिअर्सच्या कंजूसपणामुळे. हे कादंबरीत घेतलं असतं तर क्रायटनचा रुबाबदार नायक पहिल्या फटक्यात कोसळला असता. मित्राच्या बायकोपोराच्या तोंडचा घास काढणारा माणूस टपावरून कितीही सरपटला तरी वाचक त्याच्या बाजूने उभा राहत नाही. म्हणून फॅनीला जावं लागलं. कादंबरीकार म्हणून क्रायटनचा हा निर्णय मला समजतो, पण माणसाची गोष्ट म्हणून त्याने हातातली सगळ्यात बळकट दोरी सोडली असंही वाटतं.

टेस्टर तोवर स्वीडनमध्ये रेल्वेचा मोठा अधिकारी होऊन बसला होता. तो परत आला आणि स्वाधीन झाला. तिघांवर ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात खटला चालला. बर्जेस आणि टेस्टर रेल्वेचे नोकर, आणि नोकराने मालकाच्या ताब्यातलं चोरणं हा कायद्याने मोठा गुन्हा, म्हणून त्यांना चौदा वर्षांची हद्दपारी. पिअर्स चोरीच्या वेळी नोकर नव्हता, त्यामुळे सगळ्याचा सूत्रधार असूनही त्याला जेमतेम दोन वर्षं सक्तमजुरी. न्यायमूर्ती मार्टिन यांना हे खटकलं असावं. अगारबद्दल ते जवळजवळ कौतुकाने बोलले, एवढी बुद्धी सरळ कामाला लावली असती तर या माणसाने सचोटीने नशीब काढलं असतं, अशा अर्थाचं. आणि पिअर्सला त्यांनी भर कोर्टात सुनावलं की तुझ्याहून मोठा हरामखोर अस्तित्वात नसेल, आणि तेही सोनं चोरल्याबद्दल नाही, तर फॅनीचे पैसे खाल्ल्याबद्दल.